उजवीकडून निघालेली रेघ

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. शहागंजातल्या दुकानात तीन लग्नपत्रिकांचे कच्चे नमुने तुमच्या नजरेखालून जायचे राहिलेत आणि गिऱ्हाइकं माझ्या मागे लागली आहेत. त्यातल्या एकाला मी म्हणाले, "वाचणारं माणूस गेलं हो आमचं."  तो बिचारा हळूच म्हणाला, "मग आता मामांची नावं कोण मोजणार?" मला भर दुकानात हसू फुटलं. सासू जाऊन तीन आठवडे नाहीत आणि सून खिदळते आहे, असं समोरच्या बांगडीवाल्यानं पाहिलं. पाहू दे. तुम्ही असतात तर माझ्याआधी हसला असतात.

तुमचं अक्षर मी तुमच्या आधी पाहिलं. लग्न ठरलं तेव्हा तुमच्याकडून सामानाची यादी आली होती, कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर. नारळ, सुपारी, हळकुंडं, पाच खण. सडपातळ अक्षरं, केसासारखा काना, आणि वेलांटी अशी हलकी की फुंकर मारली तर उडेल. मी आईला म्हणाले, सासू फार नाजूक असणार, हळू बोलणारी. घर बघायला आम्ही पुंडलिकनगरात आलो तेव्हा तुम्ही गच्चीवरून भंगारवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतात.

लिहायची तुमची रीत मी नंतर पाहिली आणि बघतच राहिले. आपण सगळे आधी अक्षरं लिहितो आणि मग त्यांच्या डोक्यावर रेघ ओढतो. तुम्ही रेघ आधी ओढायचात, तीही उजवीकडून डावीकडं. शब्द केवढा होणार हे मनात मोजलेलंच असायचं. मग डाव्या टोकापासून त्या रेघेखाली एकेक अक्षर लावत जायचात, दोरी बांधून कपडे वाळत घालावेत तसं. डावीकडं जाता जाता रेघ इतकी बारीक व्हायची की पहिल्या अक्षराच्याही पुढं तिचं केसाएवढं टोक निघालेलं असायचं. सगळा नखरा त्या टोकात होता. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, रेघ आधी कशी काय? आणि उलटी?" तुम्ही म्हणालात, "आमच्यात असंच असतंय." तुमच्यात म्हणजे कुणात, हे विचारायची नव्या सुनेची काय बिशाद!

पुंडलिकनगरात कुणाचंही लग्न ठरलं की पाकिटांचे गठ्ठे नावं घालायला आपल्याच घरी यायचे. तुम्ही जेवणं उरकून पाटावर बसायचात, चष्मा पुसायचात, आणि मग दुपारभर कुणी तुमच्याशी बोलायचं नाही. लोक पत्रिका टाकून द्यायचे आणि पाकीट ठेवायचे. मागच्या गल्लीतल्या काकूंनी तर आपल्या नावाचं पाकीट शोकेसमध्ये लावलं होतं. आतली पत्रिका कुणाच्या लग्नाची होती, हे त्यांना आठवत नव्हतं.

मी दुकान काढायचं म्हटलं तेव्हा घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती. ह्यांचंसुद्धा. तुम्ही एवढंच म्हणालात, "जाऊ द्या तिला. घरात राहिली तर माझ्याशीच भांडल." हसण्यावारी गेलं ते, पण त्या एका वाक्यावर माझं दुकान उभं आहे. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. सासूचे आभार मानायची आपल्याकडं पद्धत नाही. आज मानते.

कॉम्प्युटर आला, पत्रिकेची कामं वाढली, आणि मी म्हणाले, "आत्याबाई, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करते. तुमचं अक्षर मशीनमध्ये घालते."

"घाल," तुम्ही म्हणालात. "मला घालू नको म्हंजे झालं."

मी कोऱ्या कागदावर चौकटी आखून दिल्या, एकेका चौकटीत एकेक अक्षर काढा म्हणाले. तुम्ही पेन खाली ठेवलं. "एकटा क कसा लिहू? कुणाचा क हाय ते सांग." मग आपण नातेवाईक काढले. काशीबाईचा क, राघोजीचा घ, झुंबरमावशीचा झ. ढ मात्र सगळ्या गणगोतात सापडेना. शेवटी तुम्ही माहेरच्या बैलाचं नाव घातलंत, ढवळ्या. आजही कुणाच्या पत्रिकेवर ढ आला की मला तो न पाहिलेला बैल दिसतो. त्या सगळ्या नावांत तुमच्या सख्ख्या भावाचं नाव नव्हतं. माझ्या ते ध्यानात आलं होतं, पण मी बोलले नाही.

पुढचे चार महिने मी तुमची अक्षरं कापत बसले. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला आपापल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा लागतो आणि शेजारी शेजारी ठेवले की ते तुकडे जुळावे लागतात. तुमची अख्खी रेघ मी अशी कापून काढली. ते केसासारखं टोक वेगळं करून एका बटणावर ठेवलं, शब्दाच्या आधी दाबायचं म्हणून. शाईचे थेंब आणि डाग पुसून सगळं लख्ख केलं. पहिलं पान छापून तुमच्या हातात दिलं. तुम्ही चष्मा वर केला, खाली केला.

"लई छान हाय. पण हे मी नाय."

"मग कोण आहे?"

"माझी बहीण असंल. माझ्याहून शहाणी."

हे भांडण आपलं नऊ वर्षं चाललं. मी म्हणायचे, एक अक्षर दाखवा जे तुमचं नाही. तुम्हाला दाखवता यायचं नाही. तुम्ही नुसतं म्हणायचात, "कायतरी कमी हाय." मला वाटायचं, मशीनला चांगलं म्हणायचं जिवावर येतंय म्हातारीच्या.

फॉन्टला मी तुमचंच नाव दिलं, मथुरा. त्यानंतर दुकानात जे सुरू झालं त्याची मजा तुम्हीच जास्त लुटलीत. "मथुरा जरा जाड करून द्या." "मथुरा बारीक झाली, वाचता येईना." तुम्ही कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून म्हणायचात, "सत्तर वर्षांत झाली नाय जाड, आता काय व्हती!" शालूच्या दुकानाचे मालक पिशवीवर नाव छापायला आले होते, ते अक्षराचं कौतुक करत म्हणाले, "क्या नाजूक खत है, अम्मा!" तुम्ही दोन्ही पंजे त्यांच्यापुढं धरलेत. विहिरीचं पाणी ओढलेले, कापूस वेचलेले पंजे. "हाथ देखो मेरे. नाजूक दिखते क्या?" ते बिचारे ओशाळले, आणि पुढच्या खेपेला तुमच्यासाठी नानखटाई घेऊन आले.

पत्रिकेवर मथुरा शोभायची. वधूवरांची नावं, वर ते टोक, बस्स. बाळाच्या बारशाला शोभायची, डोहाळजेवणाला शोभायची. पण लोकांना चांगली गोष्ट मिळाली की ती सगळीकडं लावायची असते. टेम्पोच्या मागं लावली, ब्यूटी पार्लरच्या काचेवर लावली, पिठाच्या गिरणीवर लावली. सगळ्यात कहर केला तो वॉर्डातल्या एका होतकरू पुढाऱ्यानं. वाढदिवसाचा एवढा मोठा फ्लेक्स, आणि त्यावर शुभेच्छा मथुरेत हव्यात म्हणून हटून बसला. मी सांगून पाहिलं की उन्हात दिसायचं नाही. फ्लेक्स चौकात लागला, ऊन चढलं, अक्षरं गेली. उरला हात जोडलेला फोटो. दिवसभर लोक त्याच्या घरी फोन करून विचारत होते, कधी गेले, कसे गेले. तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात आणि मग मला म्हणालात, "माझं अक्षर जवळून बघायचं हाय. त्याला चौकात कशाला टांगता?"

आणि दर गुरुवारी तुम्ही पत्रिका वाचायला बसायचात. प्रत्येक पत्रिका. गिऱ्हाइकाला समोर बसवून पोलिसासारखी चौकशी. "नवरदेवाला मामा किती? दोनच कसे? घरी फोन लावा. आईला विचारा." कितीतरी पत्रिकांवर राहून गेलेला मामा तुम्ही असा ओढून आणलात. लोकांना वाटायचं, म्हातारीची सवय आहे. मला खरं माहीत होतं, कारण एका गुरुवारी दुकान रिकामं असताना तुम्हीच सांगितलंत.

आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर वेरूळच्या मामांचं नाव राहिलं होतं. तुमच्या एकुलत्या एक भावाचं, नवरदेवाच्या सख्ख्या मामाचं. पत्रिका वाटून झाल्यावर कळलं. मामा लग्नाला आलेच नाहीत, ह्यांच्या पाठीमागं कुणीतरी लांबचे मामा उभे राहिले. तुम्ही निरोप धाडलात की छापखान्यानं नाव खाल्लं. मामांनी उलट निरोप धाडला, "छापखान्याला माझं नाव माहीत नव्हतं. तुला व्हतं." तुम्ही भडकलात. एवढ्याशा चुकीवरून भाच्याच्या लग्नाला येत नाही म्हणजे काय! तिथून बोलणं बंद. पंचवीस वर्षं.

"मीच वाचली व्हती छापायच्या आधी," त्या गुरुवारी तुम्ही म्हणालात. "चष्मा नव्हता. वाचली आन् बरोबर हाय म्हणून धाडली. कुणाला बोलू नको." मी म्हणाले, हेच मामांना सांगा की. तुम्ही पुढची पत्रिका उचललीत.

ऋतुजाचं लग्न ठरलं तेव्हा मी मनाशी धरलं होतं की नातीच्या निमित्तानं तरी हे मिटायला हवं. ह्यांनी यादी केली, तुम्ही नावं घालायला बसलात. हात थकला होता, दिवसाला वीस-पंचवीसच व्हायची. मी गठ्ठ्यात डोकावून विचारलं, "मामांचं?" तुम्ही वर न बघता म्हणालात, "ठिवलंय बाजूला. शेवटी घालते." मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणालात, "एवढी घाई हाय तर तुझ्या मशीनला सांग." त्यावर मीही फणकारले. ते आपलं शेवटचं भांडण. मंगळवारी सकाळी चहा घेतलात, जरा पडते म्हणालात, आणि तशाच गेलात. सगळी पाकिटं लिहून झाली होती. तुमच्या चष्म्याच्या डबीखाली एक कोरं होतं.

मामा मातीला आले होते. काठी टेकत आले, पाणी पाजलं, लांब उभे राहिले आणि कुणाशी न बोलता वेरूळला परत गेले. ह्यांनी लग्न पुढं ढकलायचं काढलं, पण व्याही म्हणाले, आत्याबाईंनी एवढ्या हौसेनं नावं घातली, त्या पत्रिका काय घरात ठेवायच्या? तेव्हा तेरावं झालं आणि पत्रिका वाटायला निघाल्या. आणि मी, आत्याबाई, एक पाप केलं. मामांसाठी एक वेगळं पाकीट घेतलं, मशीनला घातलं आणि मथुरेत छापलं, "ती. दादा व सर्व मंडळी, वेरूळ." निळी शाई, रेघेचं टोक, सगळं जागच्या जागी. वाटलं, म्हातारा माणूस आहे, बहिणीचं अक्षर बघेल, विरघळेल, लग्नाला येईल. तुम्ही लिहिलं नाहीत ते मी तुमच्या हातानं लिहून टाकलं.

मामा लिंबाखाली खाटेवर बसले होते, रस्त्यापलीकडं नातवाची रसवंती. हे बाजूला उभे राहिले, मी वाकून पाया पडले आणि पाकीट दिलं. मामांनी ते उघडलं नाही. उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं.

"कवा लिहिलं हे तिनं?"

"शेवटच्या आठवड्यात," मी म्हणाले.

"ठिपका कुठंय?"

मला कळेना. मामांनी रेघेच्या उजव्या टोकावर नख ठेवलं. "पेन इथं टेकती. इथून तिकडं निघती. टेकली की शाईचा ठिपका पडतोच. हिच्यात ठिपका नाय. ही रेघ कुणीच काढलेली नाय."

नऊ वर्षं तुम्हाला जे बोट ठेवून दाखवता आलं नाही ते हेच होतं का हो? मी ते सगळे ठिपके डाग समजून पुसले होते. मला उभ्या उभ्या रडू आलं. मग मी सगळं सांगून टाकलं. पाकीट मीच छापलं, तुमचं कोरंच राहिलं होतं, तुम्ही "शेवटी घालते" म्हणाला होतात. आणि तुम्ही कुणाला बोलू नको म्हणाला होतात तेही सांगितलं, की आमची पत्रिका छापायच्या आधी तुम्हीच वाचली होतीत.

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. "हातात छापील कागद आला तर ती वाचल्याबिगर राहती व्हय? तिला वाचायला मी शिकिवलं."

मग ते बराच वेळ बोलले. मला नाही, रस्त्याकडं बघून. "निजामाच्या राज्यात मी उर्दू शाळेत चार बुकं शिकलो. अलिफ, बे, सगळं उजवीकडून. पोलीस ॲक्शन झाली आन् शाळेत मराठी आली. पहिल्या दिवशी मास्तरानं अक्षरं सरळ यावीत म्हणून फळ्यावर आधी लांब रेघ मारली. मला वाटलं, मराठी अशीच लिहित्यात. आधी रेघ. आन् रेघ कुठून मारायची? हाताला सवय उजवीकडची. मथुरा पाच-सहा वर्सांची. तिला शाळा नव्हती, तिची शाळा म्हंजे मी. त्याच संध्याकाळी चुलीपुढं राख पसरून तिला शिकिवलं. दुसऱ्या हप्त्यात मास्तरानं माझ्या बोटांवर छडी मारून मला सुधारलं."

"मग त्यांना नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? तिला वाटायचं, दादाला समदं येतंय." त्यांनी पाकीट गुडघ्यावर ठेवलं. "तिच्या हातून एक नाव राहिलं तर मी पंचवीस वर्सं रुसून बसलो. मी तर तिला जन्माची रेघ उलटी शिकिवली. ती कवाच रुसली नाय."

तेव्हा मला एक आठवलं आणि मी ते त्यांना सांगितलं. ऋतुजा पहिलीत होती, तुमच्याशेजारी बसून गिरवायची. तुमचं बघून तिनं रेघ आधी ओढली, उजवीकडून. तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "तुझी बाई सांगती तशी काढ. माझं बघू नको." मी त्या वेळी पोळ्या लाटत होते, विशेष काही वाटलं नाही.

मामांनी माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. "म्हंजे तिला कळलं व्हतं."

"हो मामा."

"तरी बदलली नाय."

"नाही."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि एकदम खेकसून विचारलं, "ते कोरं पाकीट हाय का टाकलं?" आहे म्हणाले. "मग हे घेऊन जा आन् ते आण. तिनं बाजूला ठिवलेलं तेच आण. नाव नसलं तरी माझंच हाय."

काल नेऊन दिलं. त्यांनी पत्रिका आपल्या हातानं त्यात घातली आणि उशीखाली ठेवली. लग्नाच्या चार दिवस आधीच येणार आहेत म्हणे, तुमच्या खोलीत राहणार आहेत, आणि ऋतुजाला बोहल्याकडं नेताना तिच्या मामाबरोबर, म्हणजे माझ्या भावाबरोबर, तेही चालणार आहेत. आजेमामा चालतात का, असं ह्यांनी विचारलं तर त्यांच्यावरच ओरडले. हुबेहूब तुमच्यासारखे.

भांडण मिटलं, आत्याबाई. तुम्ही हव्या होतात.